लोहारशाळेची १:१२ प्रतिकृती: बांधणीपासून फोटोपर्यंत

जुन्या कामाच्या जागेची प्रतिकृती फोटोत खोटी दिसते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. वस्तूंची जाडी मापात नसते, आणि गंज, काजळी, झीज सगळीकडे सारखीच फासलेली असते. खऱ्या लोहारशाळेत कुठलाही डाग कामामुळेच पडलेला असतो. ऐरणीचा माथा चकचकीत असतो कारण त्यावर रोज घाव पडतात. तिच्या बाजू मात्र काळपट तपकिरी राहतात, कारण त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी त्या जागेत कोण कुठे बसायचं, कोण उभं राहायचं, धूर कुठून जायचा आणि पाणी कुठे सांडायचं, हे कागदावर मांडून घ्या. पुढची निम्मी उत्तरं त्यातच मिळतात.

इथे उदाहरणाला देशावरच्या गावातली लोहारशाळा घेतली आहे. काळ साधारण १९५०-६०चा. तीन बाजूंना मातीच्या भिंती, समोरून उघडी, वर एकपाखी, म्हणजे एकाच उताराचं, पत्र्याचं छप्पर. समोरून उघडी असल्यामुळे कॅमेरा आत नेता येतो. एक बाजूची भिंत आणि छप्पर सुटं ठेवलं की प्रकाशही हवा तिथून सोडता येतो.

माप

१:१२ घ्या. खऱ्यातला एक फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच, त्यामुळे गुणाकार-भागाकाराची कटकट नाही. १२ फूट रुंद आणि १० फूट खोल जागा १२ × १० इंचांत बसते. समोरची उंची १० इंच, मागची ७ इंच. मिलिमीटरमध्ये काम करताना खऱ्या मापाला १२ ने भागा.

गावात भट्टीला वारा घालणारा जुना भाता शिल्लक असेल तर टेप घेऊन जा, विचारून मोजमाप घ्या आणि प्रत्येक वस्तूचा फोटो अगदी समोरून, चौकटीत फूटपट्टी ठेवून काढा. तिरका फोटो मापाला निरुपयोगी. बहुतेक ठिकाणी आता विजेचा पंखा आलेला असतो. भाता पूर्वी कुठे होता आणि ओढणारा कुठे बसायचा, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारा.

परदेशी चित्रांवरून ऐरण करू नका. एका टोकाला शिंग असलेली, कमरेइतक्या ओंडक्यावर बसवलेली ऐरण आपल्याकडच्या गावातल्या लोहाराची नव्हे. आपल्याकडे लोहार जमिनीवर बसून काम करतो आणि घण मारणारा समोर उभा असतो. ऐरण म्हणजे लोखंडाचा चौकोनी ठोकळा, जमिनीत गाडलेल्या लाकडी ओंडक्यात बसवलेला. माथा जमिनीपासून फूटभराच्या आतच. या एका चुकीमुळे बाकी सगळं नीट करूनही जागा परकी दिसते.

भिंती

सर्वांत जास्त चुका इथे होतात. ५ मिमीचा सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमची हलकी पाटी) उभा केला की ती १:१२ मध्ये जेमतेम अडीच इंचांची भिंत होते. मातीची भिंत दीड फुटाची असते, म्हणजे प्रतिकृतीत ३८ मिमी. खिडकी, कोनाडा आणि भिंतीचं उघडं टोक दिसतं तिथे ही जाडी लगेच कळते. सनबोर्डचे दोन तुकडे घ्या आणि मध्ये २६ मिमी रुंदीच्या पट्ट्या दर ६० मिमीवर उभ्या चिकटवून पेटीसारखी भिंत करा. ५ + २६ + ५ म्हणजे ३६, उरलेले २ मिमी गिलाव्याचे. पाया म्हणून १२ मिमीचं प्लायवूड घ्या, किमान १८ × १६ इंच, म्हणजे अंगणालाही जागा राहते.

गिलाव्याचं प्रमाण असं: चहाच्या गाळणीतून चाळलेली पांढरी माती ३ भाग, फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून १ भाग, आणि भुशाच्या जागी २-३ मिमी लांबीचे कापलेले गोणपाटाचे धागे चिमूटभर. हे मिश्रण एका वेळी १ मिमीपेक्षा जाड लावू नका. ३ मिमीचा थर एकदम दिला की माती आकसते आणि भेगा पडतात. त्या भेगा खऱ्या भिंतीच्या मापाने फारच रुंद असतात. काळी माती तर गिलाव्याला अजिबात नको. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगतं आणि वाळताना तितकंच आकसतं, त्यामुळे भिंतीचे पोपडे निघतात. पहिला थर पूर्ण वाळू द्या, मग दुसरा बोटाने लावा. ब्रशचे फराटे प्रतिकृतीत दोरखंडाएवढे दिसतात, बोटाची फिरवण मात्र सारवल्यासारखी दिसते.

गिलाव्याआधी सनबोर्डच्या दिसणाऱ्या बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर थर सालीसारखा सुटतो. कागदाचा फोमबोर्ड वापरत असाल तर दोन्ही बाजूंना पातळ फेव्हिकॉलचा हात द्या. एकच बाजू ओली झाली की पाटी वाकते.

खालचा दोन फूट भाग काळ्या दगडाचा. त्यासाठी अंड्यांचा कागदी ट्रे उत्तम. १६ ते ३० मिमीचे तुकडे फाडा, कापू नका. कडा ओल्या बोटाने दाबून गोलसर करा आणि सांधे चुकवत चिकटवा. सांध्यात तोच मातीचा गिलावा भरा. रंग निव्वळ काळा देऊ नका. काळा दगड उन्हात करडा दिसतो, त्यामुळे काळ्यात पांढरा आणि थोडा तपकिरी मिसळा.

लाकूड आणि छप्पर

वाशांना तुराट्या घ्या. सरळ असतात आणि सालीचा पोत मापात बसतो. वाशाची जाडी ६ मिमी, खांब ११-१२ मिमी. पाच वासे समोरून मागे, त्यावर चार आडव्या रीपा. आठवडाभर कडक उन्हात वाळवून कापलेल्या टोकांना फेव्हिकॉल लावा, नाहीतर वर्षभरात भुंगा लागून पायावर पीठ पडायला लागतं.

पत्र्याला खोक्याचा पुठ्ठा साचा म्हणून चालतो, पण तो मोजून घ्या. खऱ्या पत्र्याची एक पन्हाळ, म्हणजे एक लाट, साधारण ३ इंचांची, म्हणजे प्रतिकृतीत ६.३ मिमी. खोक्याचा वरचा कागद ओला करून सोला आणि दहा लाटांची लांबी मोजा. ती ६३ ते ६५ मिमी भरली तर तो पुठ्ठा योग्य. ७५-८० भरली तर पत्रा अवाढव्य दिसेल. पुठ्ठा वाळला की फेव्हिकॉल पाजून टणक करा.

पत्र्यासाठी हॉटेलातून पार्सल येतं त्या अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या डब्यांचा तळ आणि बाजू घ्या, बाटली फिरवून सपाट करा. ८५ मिमी रुंद आणि १६५ मिमी लांब तुकडे कापा. साच्यावर ठेवून विणकामाच्या बोथट सुईने मधली लाट आधी दाबा, मग एकेक करत दोन्ही कडांकडे जा. कडेपासून सुरुवात केली की मधे पत्रा ताणून फाटतो. लाटा पडल्यावर रुंदी ६५ मिमीच्या आसपास येते, जास्तीची छाटा. समोर-मागे आणि बाजूंना एकेक इंच वळचण धरून सात रुंदीत आणि दोन लांबीत असे १४ पत्रे लागतात. दोन जास्तीचे करून ठेवा. शेजारचे पत्रे दीड लाट एकमेकांवर, वरचा पत्रा खालच्यावर १२ मिमी. खालची ओळ आधी बसवा, नाहीतर पाणी आत जाईल असा उलटा जोड होतो आणि जाणत्याच्या नजरेला तो लगेच खुपतो.

अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅक्रिलिक थेट टिकत नाही. व्हिनेगरने पुसून, वाळवून आधी स्प्रे प्रायमर द्या.

भट्टी, भाता आणि हत्यारं

भट्टी जमिनीलगत, २ × २ इंचांची, इंचभर उंच मातीची कड असलेली. तिच्यात आणि भात्यात एक बुटकी आडभिंत असते. ती झळ अडवते, आणि तिच्यातूनच भात्याची नळी निखाऱ्यांत जाते. ही आडभिंत विसरली जाते, पण तिच्याशिवाय भात्याचं कातडं पेटलं असतं.

निखारे करायला दिवाळीतली इलेक्ट्रिक पणती फोडा. तिच्यातली लुकलुकणारी पिवळी एलईडी भट्टीच्या तळाशी बसवा. फोटोला स्थिर प्रकाश हवा असेल तर साधी पिवळी किंवा नारिंगी एलईडी ५ व्होल्टच्या यूएसबी वायरवर लावा आणि २२० ओहमचा रेझिस्टर घाला. रेझिस्टर नसेल तर एलईडी काही क्षणांत जळते. तिच्यावर ग्लू गनचे वेडेवाकडे गोळे, त्यांना पारदर्शक नारिंगी काचरंग, आणि वर खरा लाकडी कोळसा २ ते ४ मिमी आकारात कुटून. कोळशाने गोळे पूर्ण झाकू नका. फटींतून उजेड फुटला की निखारा दिसतो.

भात्याच्या दोन फळ्या ७५ × ४२ मिमीच्या, एका टोकाला निमुळत्या, ३ मिमी जाड. कातड्यासाठी रेक्झिन टाळा. ते जाड असतं आणि घडीत बसत नाही. जुन्या मलमलीला पातळ फेव्हिकॉल लावून अर्धवट वाळली की तीन घड्या घाला, मग गडद तपकिरी रंग द्या. घडीचे बाहेरचे कंगोरे थोडे फिके ठेवा, कारण कातडं तिथेच वाकून घासलं जातं.

घणाचं डोकं १४ मिमी लांब, ५ मिमी चौकोनी. दांडा ६५-७५ मिमी, बांबूची काडी तासून २.५ मिमीवर आणलेली. सांडशीला १ मिमीची बांधायची तार घ्या. ४० मिमीचे दोन तुकडे, जोडाच्या जागी हातोडीने चपटे करून ०.७ मिमीचं भोक, त्यात टाचणी, मागून कापून ठोकलेली. सांडशी उघडमीट व्हायला पाहिजे असं नाही, पण दोन दांड्यांची टोकं सारखी नसली तरच ती हातघडणीची वाटते. विळ्याला थंड पेयाच्या कॅनचा पत्रा (०.१ मिमी) बरोबर बसतो. कोयत्याची पाठ जाड असते, त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा दुहेरी चिकटवा. आणि धार कानशीने खरोखर लावा. रंगवलेली धार कितीही चांगली असली तरी फोटोत चकाकत नाही.

विझवणीची दगडी डोणी ३८ × २१ × २१ मिमी. आतला तळ काळा करून त्यावर २ मिमी पारदर्शक इपॉक्सी ओता. प्रमाण पाकिटावरचंच, आणि तेही नीट मोजून. पावसाळ्यात हे काम करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर धुरकट, चिकट साय धरते. लोहाराचं पाणी कधीच स्वच्छ नसतं, म्हणून वर चिमूटभर ग्रॅफाइट पावडर भुरभुरवा.

लोहार बारा बलुतेदारांतला. वर्षाच्या कामाचं धान्य त्याला सुगीत मिळायचं. कोपऱ्यात धान्याचं पोतं किंवा पाटी ठेवली तर जागेचा हिशोब पूर्ण होतो. ज्वारीचा दाणा या मापात अर्ध्या मिलिमीटरहून लहान. बारीक रवा मापाला बसतो, पण मुंग्या आणतो. त्यापेक्षा बारीक चाळलेली वाळू रंगवून वापरा. बाहेर बैलगाडीचं चाक टेकवायचं असेल तर व्यास साडेचार इंच, धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) ४ मिमी रुंद आणि १ मिमी जाड.

गंज आणि काजळी

रंगाचा क्रम: मूळ रंग, पातळ काळपट पाण्याचा हात, कोरड्या ब्रशने कंगोऱ्यांवर फिका रंग, आणि शेवटी पावडरी. पावडरीनंतर ओलं काहीही लावू नका, डाग उमटतात.

खरा गंज बनवणं सोपं आहे. हार्डवेअरच्या दुकानातली साधी स्टील वूल व्हिनेगर आणि मिठात भिजवून उघड्यावर ठेवा, वाळली की कुस्करून चाळा. भांडी घासायची तारघासणी बहुधा स्टेनलेसची असते, ती गंजत नाही. पत्र्यावर गंज खिळ्याच्या भोकाशी, कापलेल्या कडेला आणि जोडाखाली धरतो, कारण पाणी तिथे थांबतं. भोकापासून उताराच्या दिशेने खाली एक बारीक ओघळ ओढा. पत्र्याच्या मध्यभागी गंजाचे ठिपके मारत सुटू नका.

काजळी पणतीच्या ज्योतीवर स्टीलची थाळी धरून गोळा करा. मऊ ब्रशने ती भट्टीच्या वरच्या भिंतीवर खालून वर पंख्यासारखी पसरत न्या, मग पत्र्याच्या आतल्या बाजूवर, वाशांच्या वरच्या नाही तर खालच्या आणि भट्टीकडच्या अंगावर. उघड्या बाजूकडे ती विरळ होत जाते. ऐरणीभोवती वीतभर घेरात, म्हणजे १५-२० मिमीमध्ये, तापलेल्या लोखंडाचे पापुद्रे पडलेले असतात. त्यासाठी वाळलेला एम-सील कुटून गडद करड्या रंगात बुडवा. लोहार बसतो ती जागा मात्र गुळगुळीत आणि फिकी. घणाच्या दांड्यावर हात धरतो तेवढाच भाग बोटाच्या तेलाने चोळून तुकतुकीत करा.

फेव्हिकॉल वाळल्यावर चमकतो आणि फेव्हिक्विकच्या वाफेने काळ्या रंगावर पांढरी बुरशीसारखी छटा येते. दोन्हींवर पावडरींच्या आधीच मॅट वॉर्निशचा हलका स्प्रे द्या, पण धार, ऐरणीचा माथा आणि डोणीचं पाणी झाकून.

फोटो

लेन्स माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणा. उभा माणूस म्हणजे प्रतिकृतीच्या जमिनीपासून सुमारे पाच इंच, बसलेला लोहार अडीच-तीन इंच. वरून काढलेला फोटो खेळण्याचाच वाटतो. मोबाइल असेल तर तो उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते. मुख्य लेन्स वापरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण मागचा भाग धूसर झाला की वस्तू लहान आहे हे नजरेला लगेच उमगतं. त्याच कारणाने कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११ ते एफ/१६ ठेवा. त्यापलीकडे गेलात तर सगळंच चित्र मऊ पडतं. तरीही पुढची सांडशी आणि मागची भिंत दोन्ही ठळक हव्या असतील तर ट्रायपॉडवरून फोकस पुढून मागे सरकवत ८ ते १५ फोटो घ्या आणि हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फोटोशॉपच्या ऑटो-ब्लेंड लेयर्समध्ये जोडा. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर.

आता कवडसे. अशा जागेच्या फोटोचा जीव त्यांच्यात असतो. पत्र्याला शिवणाच्या सुईने ०.७ मिमीची आठ-दहा भोकं पाडा. जुन्या, काढून दुसरीकडे ठोकलेल्या पत्र्याला असतात तशी ती एका ओळीत, पन्हाळीच्या माथ्यावर हवीत. सूर्य आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे बारीक भोकातून आलेला कवडसा भोकापासूनच्या अंतराच्या साधारण १०८व्या हिश्शाएवढा गोल पडतो. प्रतिकृतीत अंतर २००-२५० मिमी, म्हणजे कवडसा भोकासकट ३ मिमीच्या आसपास, खऱ्यात दीड इंच. भूमिती तीच असल्यामुळे खऱ्या उन्हात कवडसे आपोआप मापात येतात. म्हणून शक्य असेल तर सकाळी नऊच्या सुमाराला गच्चीवर काम करा.

घरात टॉर्च वापरायचा तर त्याच्या उजळ भागाच्या रुंदीच्या सुमारे शंभरपट अंतरावर ठेवा. २ सेंमीचा टॉर्च २ मीटरवर, ५ सेंमीचा ५ मीटरवर. जवळ आणला तर कवडसे पसरट होतात आणि सावल्या पंख्यासारख्या फाकतात. दिवा एकच ठेवा. सूर्य एक आहे, आणि दुसऱ्या दिव्याची दुसरी सावली सगळं उघडं पाडते. सावलीचा भाग फारच काळा पडत असेल तर समोरून पांढरा कार्डबोर्ड धरा.

हवेत किरण दिसायला धूर लागतो. एक उदबत्ती मागच्या बाजूने, भिंतीबाहेर, मातीच्या कुंडीत रोवून धरा. तुराट्या आणि सनबोर्ड जवळ असतात, तेव्हा ती प्रतिकृतीच्या आत कधीही नको. पंखा बंद करा, धूर पसरून विरळ व्हायला मिनिटभर थांबा, मग अर्धा ते एक सेकंदाच्या एक्स्पोजरने फोटो घ्या. ताज्या धुराच्या वेटोळ्या मापाने प्रचंड दिसतात.

निखारे आणि ऊन एकाच फोटोत नीट उतरत नाहीत. कॅमेरा न हलवता एक फोटो उन्हाचा, एलईडी बंद ठेवून घ्या. दुसरा फक्त एलईडीचा, बाकी अंधार करून. नंतर दोन्ही एकावर एक ठेवा आणि वरच्या थराला स्क्रीन मोड द्या. व्हाइट बॅलन्स दोन्हींना डेलाइटवर कायम. मोबाइलमध्ये एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉपने खाली ओढा, कारण तो सावल्या आपणहून उजळतो आणि लोहारशाळेच्या आतला अंधार नाहीसा होतो.

मागे छापील चित्र लावायचं असेल तर मॅट कागदावर, किमान तीन फूट मागे, आणि चित्रातली क्षितिजरेषा बरोबर लेन्सच्या उंचीला. ती वर-खाली झाली तर कारण न कळताही बघणाऱ्याला काहीतरी बिघडल्याचं जाणवतं. गच्चीच्या कठड्याशी टेबल लावून दूरची खरी झाडं मागे घेतली तर छापील चित्राची गरजच नाही.

अंतिम फोटोआधी एक चाचणी फोटो काढून पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा. कपड्याचा तंतू, फेव्हिकॉलची तार, ब्रशचा केस डोळ्याला दिसत नाही, पण या मापात तो दोरीएवढा होतो. रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकू नका, पावडरी उडतात. मग तोच चाचणी फोटो कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही जागा पटत असेल तर पुढे जा. पटत नसेल तर दोष रंगात नाही, जाडीत किंवा आकारात आहे. आधी भिंतीची उघडी कड आणि पत्र्याची खालची धार तपासा.